हुमणीचा भुंगेरा आणि पिवळ्या पोटाची पाकोळी: ऊसपट्ट्यातील कारखान्यांस व ग्रामपंचायतींस खुले पत्र

प्रति,
कृष्णा, वारणा आणि पंचगंगा काठच्या साखर कारखान्यांची संचालक मंडळे व शेतकी विभाग, तालुका कृषी अधिकारी, तसेच या पट्ट्यातील ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नदीकाठी ऊस पिकवणारा शेतकरी आहे आणि गेली अनेक वर्षे हुमणीने, म्हणजे उसाची मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीने, पोखरलेले फड पाहत आलो आहे. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस वळवाचे दोन चांगले पाऊस झाले आणि दुसऱ्याच संध्याकाळी आमच्या बांधावरच्या कडुनिंबावर भुंगेऱ्यांचा घोंगाट सुरू झाला. कारखान्याच्या गट कार्यालयातून निरोप आला, चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा गावातला कर्मचारी, घरोघरी फिरला, आणि आम्ही वीस-पंचवीस जण आकडी लावलेल्या काठ्या, बादल्या आणि रॉकेल घेऊन रात्री झाडाखाली जमलो. फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे वेचायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे, हे काम आम्ही आठवडाभर केले. ते योग्यच होते, आणि या वर्षीही मी ते करणार आहे.

त्याच आठवड्यात गावात दुसरेही एक काम झाले. जुन्या धर्मशाळेच्या आढ्यात आणि भिंतीच्या फटींत राहणाऱ्या लहान वटवाघळांना, म्हणजे आमच्याकडच्या पाकोळ्यांना, ओल्या पाल्याचा धूर करून बाहेर काढण्यात आले आणि त्यांच्या वाटा सिमेंटने बुजवण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पडलेली जनावरे मी स्वतः खोऱ्याने उचलून पुरली. त्यांची पोटे पिवळसर होती, आणि काहींची फुगलेलीही होती, कारण त्या गाभण माद्या होत्या. या दोन्ही कामांसाठी फलकावर एकच शब्द लिहिलेला होता, ‘बंदोबस्त’. भुंगेऱ्यांचा बंदोबस्त आणि वटवाघळांचा बंदोबस्त. हा एकच शब्द दोघांनाही लावणे किती चुकीचे आहे हे आपल्यासमोर मांडावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी हुमणीबद्दल लिहितो, कारण तिची ओळख आपल्याला अधिक आहे. आपल्याकडच्या माळरानाच्या आणि मध्यम जमिनीत प्रामुख्याने आढळणारी जात म्हणजे होलोट्रिकिया सेराटा. नदीकाठच्या भारी जमिनीत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा ही दुसरी जात त्रास देते. या पत्रात मी पहिलीविषयी बोलतो आहे. तिचा भुंगेरा सुमारे दोन सेंटिमीटर लांबीचा, तांबूस तपकिरी रंगाचा असतो. त्याच्या पंखांची पुढची जोडी टणक कवचासारखी असते आणि उडण्याचे खरे पंख त्या कवचाखाली घडी घालून ठेवलेले असतात. जमिनीतून बाहेर पडण्यासाठी तो वळवाच्या पावसाची वाट पाहतो. माती ओली झाली की मे-जूनमधल्या एखाद्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, हे भुंगेरे एकदम वर येतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, तिथेच त्यांचे मीलन होते, रात्रभर ते पाला खातात आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मातीत शिरतात. मादी जमिनीत सुमारे साठ अंडी घालते. दहा-पंधरा दिवसांत त्यांतून अळ्या निघतात, सुरुवातीला सेंद्रिय पदार्थांवर आणि बारीक मुळ्यांवर जगतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत पूर्ण वाढून उसाची मुळे कुरतडू लागतात. बेट पिवळे पडून वाळल्यावर आपण ऊस ओढतो, आणि तो हाताच्या हलक्या ओढीने उपटून येतो, तेव्हाच बहुतेकांना हुमणी कळते. तोपर्यंत अळीची वाढ जवळजवळ पुरी झालेली असते. पावसाळा सरल्यावर ती खोल मातीत कोषात जाते, कोषातून भुंगेरा तयार होतो आणि तो पुढच्या वळवापर्यंत जमिनीतच थांबून राहतो.

या कीटकाला मी खलनायक म्हणणार नाही. गवताळ माळावर त्याच्या अळ्या गवताची मुळे खाऊन जगत होत्या आणि त्या माळाच्या व्यवस्थेत त्यांचीही एक जागा होती. आपण तिथे बारमाही पाण्यावरचा ऊस लावला, त्याच रानात खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना फुटणारे पुढचे पीक) आणि पुन्हा खोडवा घेतला, कच्चे शेणखत ओढले, आणि तिला वर्षभर न संपणारे अन्न पुरवले. पण आज ती आपल्या पिकाची शत्रू आहे हे खरे आहे, आणि तिला रोखण्यावाचून शेतकऱ्याला गत्यंतर नाही.

आता दुसऱ्या प्राण्याकडे वळतो. धर्मशाळेतून हाकललेली वटवाघळे पिवळ्या पोटाची होती, आणि त्यावरून, आकारावरून आणि राहण्याच्या जागेवरून मला ती स्कोटोफिलस हीथी या जातीची वाटतात. आपल्या भागात मोठ्या वटवाघळाला वाघूळ आणि लहान कीटकखाऊ वटवाघळाला सर्रास पाकोळी म्हणतात, म्हणून मीही तिला पिवळ्या पोटाची पाकोळी म्हणतो. तिचे वजन साधारण 40 ग्रॅम, म्हणजे मुठीत मावेल एवढेच. कौलारू घरांची आढी, भिंतींच्या भेगा, झाडांच्या ढोली, ताडाच्या वाळलेल्या झावळ्या ही तिची घरे. सूर्य मावळल्यावर लवकरच ती बाहेर पडते आणि शेतांवरून, झाडांच्या शेंड्यांवरून वेगाने फेऱ्या मारत उडत्या किड्यांची शिकार करते. माणसाच्या कानाला साधारण 20 किलोहर्ट्झच्या पुढचा आवाज ऐकू येत नाही. ही पाकोळी त्याहून खूप वरच्या पट्टीतले आवाज काढते आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून अंधारात किड्याचे ठिकाण ओळखते. तिचा जबडा बळकट असतो आणि टणक कवचाचे किडे चावून खाण्याजोगा असतो. तिच्या आहाराचा अभ्यास जिथे झाला आहे तिथे भुंगेऱ्यांच्या गटातील किड्यांचा वाटा मोठा आढळला आहे.

धर्मशाळेच्या ओट्यावर, जिथे त्यांची लेंडी पडत असे, तिथे मी गेल्या काही वर्षांत अनेकदा बसून पाहिले आहे. वाळलेली लेंडी बोटांनी कुस्करली की तिचा भुगा होतो आणि त्यात तांबूस तपकिरी, चकचकीत कवचांचे बारीक तुकडे उन्हात लुकलुकतात. उंदराची लेंडी अशी कुस्करत नाही आणि चमकतही नाही. जून महिन्यात त्या तुकड्यांचे प्रमाण इतके वाढलेले दिसे की ओटा झाडणाऱ्या मावशींनाही ते लक्षात आले होते.

म्हणजे या दोन जातींची भेट नेमकी कुठे आणि कधी होते हे आपण पाहावे, अशी माझी विनंती आहे. मादी भुंगेरा वर्षातले जवळजवळ सगळे दिवस मातीखाली असतो. मातीतून झाडापर्यंत आणि झाडावरून परत मातीपर्यंतचा प्रवास त्याला उडत करावा लागतो, आणि तो काळ अंडी घालण्याच्या आधीचा किंवा अंडी घालण्याच्या दिवसांतलाच असतो. त्याच संध्याकाळी, त्याच तासाला पाकोळी बाहेर पडते. आपण ऑगस्टमध्ये सरीत औषध सोडतो तेव्हा एकेका अळीमागे धावत असतो. पाकोळी जूनमध्ये एक मादी टिपते तेव्हा साठ अळ्या जन्माला येण्यापूर्वीच संपतात. हिशेब करण्यासाठी असे धरू या, की 40 पाकोळ्यांची एक वस्ती आहे आणि प्रत्येक पाकोळीने भुंगेऱ्यांच्या हंगामातल्या 20 रात्रींत दर रात्री फक्त एकच अंड्यांवरची मादी खाल्ली. तरी 800 माद्या झाल्या, आणि त्यांची अंडी 48,000 होतात. ही आकडेमोड कागदावरची आहे, मोजणी नव्हे. पण एका धर्मशाळेच्या आढ्याची किंमत लावताना निदान एवढा कागद तरी कोणी हातात घ्यायला हवा होता.

मोजणी जिथे झाली आहे तिथली गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात मोठे तपकिरी वटवाघूळ म्हणून एक जात आहे, जी आपल्या पाकोळीसारखीच घरांच्या माळ्यांवर आणि गोठ्यांत राहते. इंडियाना राज्यातील तिच्या आहाराच्या अभ्यासातून असा अंदाज काढण्यात आला, की 150 वटवाघळांची एक वस्ती एका उन्हाळ्यात सुमारे 6,00,000 काकडी-भुंगेरे आणि 1,94,000 जून-भुंगेरे खाते. काकडी-भुंगेऱ्याची अळी मक्याची मुळे खाते, म्हणजे तिथल्या शेतकऱ्याला तो जसा, तसा आपल्याला हुमणीचा भुंगेरा. आणि जून-भुंगेरे तर आपल्या हुमणीच्याच कुळातले, तिचे चुलत भावंडच म्हणावेत असे. त्या एका वस्तीमुळे मुळे खाणाऱ्या सुमारे 3 कोटी 30 लाख अळ्या टळतात, असा तो हिशेब होता. पुढे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार अमेरिकेच्या शेतीला वटवाघळांमुळे होणारा लाभ वर्षाला 3.7 अब्ज ते 53 अब्ज डॉलरच्या दरम्यान धरण्यात आला. ही मर्यादा फार सैल आहे हे मान्य केले, तरी तिचे खालचे टोकही लहान नाही.

याहून बोलका पुरावा दुर्दैवाने त्यांच्या मरणातून मिळाला. 2006 मध्ये न्यूयॉर्क राज्यात वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी आणणारा रोग प्रथम आढळला आणि नंतरच्या वर्षांत लाखो वटवाघळे त्याला बळी पडली. ज्या परगण्यांत वटवाघळे मेली आणि ज्यांत ती टिकून होती, त्यांची तुलना 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. वटवाघळे गेलेल्या परगण्यांत शेतकऱ्यांचा कीटकनाशकांचा वापर सुमारे 31 टक्क्यांनी वाढल्याचे आणि तिथल्या अर्भकमृत्यूंत सुमारे 8 टक्क्यांची वाढ झाल्याचे त्या अभ्यासात दिसले. फुकट काम करणारा निघून गेला तेव्हा त्याच्या जागी औषधाची फवारणी आली, आणि तिची किंमत पाळण्यातल्या लेकरांनी मोजली. ज्या गावांत विहिरीचे पाणी उसाच्या रानातूनच झिरपत येते, त्या गावांनी हा आकडा फार काळजीपूर्वक वाचायला हवा. फोरेटसारखे अत्यंत विषारी दाणेदार औषध आपण वर्षानुवर्षे हुमणीसाठी उसाच्या सरीत टाकत होतो. केंद्र सरकारच्या 2018 च्या आदेशाने ते 31 डिसेंबर 2020 पासून बंद झाले. ते बंद झाले हे चांगलेच झाले, पण त्यानंतर आपण मातीत काय काय ओतले याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या उधारीच्या वहीत पाहावा.

आता या दोन जातींमधला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा फरक सांगतो, कारण ‘बंदोबस्त’ हा शब्द त्याच ठिकाणी कोसळतो. हुमणीचे एक पूर्ण आयुष्य एका वर्षाचे असते आणि एका मादीमागे साठ अंडी असतात. एखाद्या वर्षी आपण गावातले दहांपैकी नऊ भुंगेरे मारले, तरी उरलेल्या दहाव्याची संतती दोन-तीन अनुकूल वर्षांत पुन्हा तेवढीच संख्या गाठू शकते. म्हणूनच भुंगेरे गोळा करण्याची मोहीम दर वर्षी आणि सलग अनेक वर्षे करावी लागते. पाकोळीचे गणित उलटे आहे. वाराणसी येथे या जातीच्या प्रजननाचा बारकाईने अभ्यास झाला आहे. त्यातून असे दिसते, की नर-मादीचे मीलन हिवाळ्यात होते, नराचे बीज मादीच्या शरीरात आठवडेच्या आठवडे साठून राहते, गर्भधारणा मार्चच्या सुमारास होते आणि पिल्ले पावसाळ्यात, जुलैच्या आसपास जन्माला येतात. वर्षातून एकदाच वीण, आणि तीत बहुधा दोन पिल्ले. निसर्गाने ही सारी वाट अशा रीतीने आखली आहे, की आईला दूध पाजण्याच्या दिवसांत सर्वांत जास्त किडे मिळावेत. दोन पिल्लांतले एक जगले तरी पुष्कळ. सस्तन प्राण्यांत आपल्या आकारमानाच्या मानाने वटवाघळे फार दीर्घायुषी असतात. सायबेरियातल्या अवघ्या काही ग्रॅम वजनाच्या एका वटवाघळाने रानात किमान 41 वर्षे काढल्याची नोंद आहे. कमी पिल्ले आणि लांब आयुष्य हा त्यांचा जगण्याचा बेत आहे, आणि ज्या प्राण्याचा बेत असा असतो त्याच्या म्हाताऱ्या-कर्त्या माद्या एका सकाळी मारल्या तर ती वस्ती लवकर भरून येत नाही. आमच्या धर्मशाळेत मे महिन्याच्या अखेरीस धूर केला गेला, म्हणजे वर्षातली एकुलती एक वीण पोटात असताना.

म्हणून एकाच उपायाचा घाव या दोघांवर सारखा बसत नाही. झाडावर सरसकट फवारलेल्या औषधाने मेलेला भुंगेरा पुढच्या वर्षी भरून निघतो, पण विषारी किडे खाऊन किंवा किडेच न मिळाल्याने खचलेली पाकोळी भरून निघत नाही. आपण जर हुमणीला मारण्यासाठी असे मार्ग निवडले की ज्यांत हुमणीपेक्षा पाकोळीचे नुकसान अधिक होते, तर काही वर्षांनी आपल्याकडे हुमणी उरेल आणि तिला खाणारी पाकोळी उरणार नाही.

झाडांबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. ‘हुमणीचे यजमान झाड’ म्हणून बांधावरचे कडुनिंब आणि बाभळी तोडून टाकण्याचा सल्ला अलीकडे काही गावांत तोंडोतोंडी पसरला आहे. भुंगेरे त्या झाडांवर जमतात हे खरे, पण ते जमतात म्हणूनच आपल्याला ते गोळा करता येतात. झाड तोडले की भुंगेरे नाहीसे होत नाहीत. ते शेजारच्या शिवारातल्या झाडावर जातात किंवा विखुरतात, आणि आपल्या हातातली एकमेव सोपी संधी निघून जाते. शिवाय जुन्या झाडाची ढोल ही पाकोळीची खोली असते, आणि ढोल तयार व्हायला माणसाची एक पिढी जाते. बांधावरचा म्हातारा कडुनिंब हे झाड भुंगेऱ्याचे ताट आहे आणि पाकोळीचे घरही आहे. त्याला हात लावू नये.

प्रकाश सापळ्यांबाबतही थोडा विवेक हवा. भुंगेऱ्यांची झुंड दिवेलागणीनंतरच्या तास-दोन तासांत सर्वांत जास्त असते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. तरीही अनेक ठिकाणी सापळ्याचा दिवा रात्रभर जळत ठेवला जातो, कारण कोणी तो विझवायला परत जात नाही. उत्तररात्री दिव्याखालच्या घमेल्यात पडणारे किडे बहुतेक निरुपद्रवी किंवा उपयोगी असतात. प्रखर दिवा वस्तीच्या तोंडाशी लावला तर वटवाघळे बाहेर पडायला उशीर करतात, आणि तो उशीर नेमका त्यांच्या शिकारीच्या पहिल्या तासातला असतो. सापळा भुंगेऱ्यांच्या हंगामापुरता लावावा, संध्याकाळी लावून रात्री दहाच्या आत विझवावा, आणि जुनी इमारत किंवा ढोलीचे झाड यांपासून दूर ठेवावा, एवढे केले तरी पुरेसे आहे.

मला ठाऊक आहे, की ग्रामपंचायतींच्या मनात भीती आहे, आणि ती पोकळ नाही. 2018 मध्ये केरळात निपाहची साथ आली. आपल्या महाबळेश्वरच्या एका गुहेतून 2020 मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने 2021 मध्ये जाहीर केले, आणि मधल्या काळात कोरोनाने तर वटवाघूळ हा शब्दच भयाचा करून टाकला. त्या भीतीला मी हसणार नाही. वटवाघळाला हाताने धरू नये, त्याने उष्टे केलेले फळ खाऊ नये, मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नये, आढ्याखालची लेंडी साफ करताना तोंडाला फडके आणि हाताला मोजे असावेत, आणि चावा बसलाच तर रेबीजच्या लसीसाठी तत्काळ दवाखाना गाठावा. पण याच कारणांसाठी वस्तीला धूर देणे हा सर्वांत वाईट मार्ग ठरतो. धुराने घाबरलेली जनावरे घराघरांत शिरतात, अर्धमेली होऊन अंगणात पडतात, पोरे ती उचलतात, आणि ज्यांचा माणसाशी संबंध येत नव्हता त्यांचा तो येतो. ज्या इमारतीतून वटवाघळे हलवणे खरोखर गरजेचे असेल तिथे ते वीण आटोपल्यावर, पिल्ले उडू लागल्यावर, हिवाळ्याच्या तोंडी करावे. संध्याकाळी सगळी बाहेर पडल्यानंतर वाटा बंद कराव्यात, आणि त्याआधी जवळपास त्यांना दुसरा आसरा उपलब्ध आहे याची खात्री करावी.

फळबागायतदारांची तक्रार वेगळी आहे, आणि तिचा इथे निसटता उल्लेख पुरे. द्राक्षे, चिकू, पेरू खाणारी वाघळे मोठी आणि वेगळ्या कुळातली असतात. पिवळ्या पोटाची पाकोळी फळाला तोंड लावत नाही. फळखाऊ वाघळेही मोहासारख्या झाडांचे परागण आणि कित्येक रानझाडांच्या बियांचा प्रसार करतात, आणि बाग जाळीने राखता येते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळे उंदीर आणि कावळ्यांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली आणि ती दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तरीही गावात ‘वाघळे मारायला सरकारची परवानगी आहे’ असे आजही सांगितले जाते, आणि लहान पाकोळी त्या जुन्या वाक्याखाली विनाकारण भरडली जाते.

आपल्या मनातली खरी अडचण मला आणखी निराळी दिसते. नांगराच्या मागे बगळे आणि साळुंक्या चालतात, उघड्या पडलेल्या हुमणीच्या अळ्या वेचतात, आणि ते दृश्य पाहून शेतकऱ्याचे मन भरून येते. कोणीही बगळ्याला दगड मारत नाही. पाकोळी तेच काम करते, पण अंधारात, आपल्या डोक्यावरून, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजात करते. तिचे काम दिसत नाही आणि तिची लेंडी तेवढी दिसते. घरात शिरली तर अपशकुन, केसांत अडकते, तिच्या मांसाने दमा जातो, या समजुतींनी तिच्याभोवती एवढी जागा व्यापली आहे, की ती जूनमध्ये काय खाते हे विचारायला जागाच उरलेली नाही.

आपल्या हातात आहे ते थोडे आणि नेमके आहे. कारखान्यांच्या शेतकी विभागांनी दर वर्षी हुमणीची जी पत्रके छापली जातात, त्यांत भुंगेरे वेचणे, कुजलेले शेणखत, मेटारायझियम ही किडीला मारणारी बुरशी आणि कीटकभक्षी सूत्रकृमी यांच्या जोडीला पाकोळीचा एक परिच्छेद घालावा, आणि कडुनिंब-बाभळीवर फवारणी करायचीच असेल तर ती सगळ्या झाडांवर न करता सापळा म्हणून निवडलेल्या मोजक्याच झाडांवर करावी, असे स्पष्ट लिहावे. तालुका कृषी अधिकाऱ्यांनी कृषी विद्यापीठे आणि पुण्याजवळच्या मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांच्याशी बोलून आपल्या उसाच्या पट्ट्यातल्या वस्त्यांखालची लेंडी मे ते ऑगस्ट या काळात दर पंधरवड्याला तपासून घ्यावी. कवचाच्या तुकड्यांवरून भुंगेरा ओळखणे अवघड नाही, आणि प्रयोगशाळेत त्याहून बारीक ओळखही पटवता येते. इंडियानातल्या शेतकऱ्याला त्याच्या वस्तीचा आकडा मिळाला; कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला त्याचा मिळू नये असे काही कारण नाही.

ग्रामपंचायतींनी एवढेच करावे, की जुनी चावडी, धर्मशाळा, देवळाचे शिखर किंवा शाळेची कौलारू इमारत पाडण्याचा अथवा दुरुस्त करण्याचा ठराव घेताना तिथे वटवाघळांची वस्ती आहे का याची नोंद त्या ठरावात करावी, आणि असल्यास मार्च ते सप्टेंबर या काळात त्या कामाला हात लावू नये. रस्तारुंदीत ढोलीचे झाड येत असेल तर तीच नोंद झाडाबाबतही व्हावी. यासाठी निधी लागत नाही, फक्त ठरावाच्या कागदावर एक ओळ वाढते.

आमच्या धर्मशाळेतली वस्ती गेली. या वर्षी हिवाळा संपल्यावर मी घराच्या मागच्या पडवीची कौले मुद्दाम न बदलता ठेवली आहेत, आणि गेल्या महिन्यापासून आढ्यात सात पाकोळ्या मोजल्या आहेत. त्या जुन्या वस्तीतल्या आहेत की दुसऱ्या कुठल्या, हे मी सांगू शकत नाही. पडवीखाली मी एक स्वच्छ पत्रा अंथरला आहे. आपल्यापैकी ज्या कोणाला पहिल्या वळवानंतर त्या पत्र्यावरची लेंडी तपासायला यायचे असेल, त्या कारखान्याच्या, खात्याच्या किंवा विद्यापीठाच्या माणसाला माझे घर उघडे आहे.

आपला,
कृष्णाकाठचा एक ऊस उत्पादक शेतकरी